ज्याला मालक नाही, त्याचा विमा कोणी उतरवायचा?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथील दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे एक निवेदन दिले. निवेदनांची महाराष्ट्राच्या प्रशासनाला वाण नाही. पण या निवेदनासोबत एक दरपत्रक होते. यकृत ९० हजार रुपये, मूत्रपिंड ७५ हजार रुपये, डोळे २५ हजार रुपये. आमचे अवयव सरकारने विकत घ्यावेत आणि त्या पैशातून बँकांचे कर्ज वळते करून घ्यावे, एवढीच मागणी होती. पुढे हे शेतकरी मुंबईस आले तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. वर्तमानपत्रांतून चार दिवस खळबळ उडाली, आणि मग नेहमीप्रमाणे सारे शांत झाले.

अवयवांचा व्यापार १९९४ च्या कायद्याने या देशात गुन्हा ठरविला आहे. तेव्हा गोरेगावचे दरपत्रक हा सौदा नव्हता. ते आरोपपत्र होते. त्यातील तक्रार पीककर्जाची होती, दुखण्याची नव्हती, हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या घरात पिकाचा पैसा आणि दवाखान्याचा पैसा अशा दोन वेगळ्या थैल्या नसतात. सोयाबीनचे बियाणे, मुलीची फी आणि म्हाताऱ्या आईचे औषध हे सारे एकाच थैलीतून जाते, आणि ती रिकामी झाली की एकाच सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. ज्या माणसाजवळ गहाण टाकण्यासारखे शरीराखेरीज काही उरले नाही, त्या शरीराची हमी आजवर कोणी घेतली, हा प्रश्न त्या दरपत्रकाने विचारला आहे. त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षीच्या खरिपात महाराष्ट्र शासनाने एक रुपयात पीकविमा देण्याची योजना सुरू केली. पिकाचा विमा झाला. बैलाचा विमा उतरविता येतो, पंपाचा उतरविता येतो, ट्रॅक्टरचा तर कायद्यानेच उतरवावा लागतो. मात्र बैल हाकणारा, पंप सुरू करण्यासाठी अपरात्री शेतात जाणारा जो माणूस, त्याने स्वतःच्या देहाचा विमा कोठून आणि कोणत्या पैशाने घ्यावा, हे त्याचे त्यानेच पाहावयाचे. हीच स्थिती गावच्या शिंप्याची, न्हाव्याची, सुताराची, चहाच्या टपरीवाल्याची आणि जुन्या दुचाकीवर भाजी विकणाऱ्याची आहे. यांपैकी कोणाला मालक नाही. मालक नसणे हे स्वातंत्र्याचे लक्षण मानले जाते. आजारपणात मात्र त्या स्वातंत्र्याची किंमत वसूल होते.

तिसऱ्या बाजूचे ३३२ रुपये

कारखान्यातील कामगाराशी तुलना केली म्हणजे हा अन्याय आकड्यांत दिसतो. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. १ जुलै २०१९ पासून या योजनेत कामगार आपल्या वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालक सव्वातीन टक्के रक्कम भरतो. वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपयांची आहे. या चार टक्क्यांच्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि त्यांवर खर्चाची कमाल मर्यादा नाही. इस्पितळात दाखल न होता घेतलेले औषधही त्यात येते. शिवाय आजारपणामुळे कामावर जाता आले नाही तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. या योजनेच्या दवाखान्यांची दुरवस्था सर्वश्रुत आहे आणि तिच्याविरुद्ध कामगार संघटना रास्तपणे भांडत असतात. पण योजनेमागचे तत्त्व निर्विवाद आहे. ज्याच्या श्रमावर दुसरा नफा मिळवितो, त्याच्या आरोग्याचा मोठा भार त्या दुसऱ्याने उचलला पाहिजे.

आता हेच गणित शेतकऱ्याला लावून पाहावे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ मधील निष्कर्षानुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळून सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्याचा पाऊण टक्का म्हणजे महिना सुमारे ७७ रुपये. एवढे पैसे गोरेगावचा शेतकरी भरील, टपरीवालाही भरील. प्रश्न या ७७ रुपयांचा नाही. मालकाचा म्हणून जो सव्वातीन टक्के हिस्सा आहे, ते महिन्याचे ३३२ रुपये, वर्षाचे सुमारे चार हजार, कोणी भरावयाचे? आजवरच्या सर्व सरकारांनी या प्रश्नाचे एकच उत्तर दिले आहे: ज्याला मालक नाही त्याने स्वतःच स्वतःचा मालक समजून दोन्ही हिस्से भरावेत, आणि तेही सरकारी महामंडळाकडे नव्हे तर बाजारातील विमा कंपनीकडे.

बाजारातील विमा

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले. १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम हे विमापत्र आणले. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. परकी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. स्पर्धा वाढली की हप्ता स्वस्त होईल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. पंचवीस वर्षे उलटून गेली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागातील शंभर माणसांपैकी सुमारे चौदाजणांना आरोग्याच्या खर्चासाठी कसले तरी संरक्षण होते, आणि त्यांतही बहुतेकांना ते सरकारी योजनांमुळेच होते. बाजार खेड्यात पोहोचलाच नाही, कारण खेड्यात त्याला गिऱ्हाईक दिसत नाही.

आणि जेथे तो पोहोचतो तेथे काय करतो? विमा कंपनीला निरोगी माणूस हवा असतो. विम्याची गरज असते ती आजारी माणसाला. म्हणून आधीपासून असलेल्या रोगासाठी प्रतीक्षाकाळ ठेवला जातो. विमा नियामकाने २०२४ मध्ये तो कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला, ६५ वर्षांवरील व्यक्तींना विमा नाकारण्याची वाटही बंद केली. या सुधारणा चांगल्या आहेत. पण मधुमेहाने ग्रासलेल्या सुताराने तीन वर्षे हप्ता भरत केवळ वाट पाहावयाची, ही सुधारणेनंतरची स्थिती आहे! शिवाय हप्त्याची तारीख हंगाम पाहून येत नाही. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात; शेतकऱ्याच्या हाती ते सोयाबीन वा हळद विकल्यावर येतात. ज्या श्रावणात घरात दमडी नाही त्या श्रावणात हप्ता चुकला आणि सवलतीची मुदतही टळली, तर विमापत्र रद्द होते. पुन्हा घ्यावयाचे तर पुन्हा प्रतीक्षा. म्हणजे ज्याचे उत्पन्न अनिश्चित, त्याचे संरक्षणही अनिश्चित. आणि विमा तर अनिश्चिततेवरचा उपाय म्हणून विकला जातो.

नियामकाच्याच आकडेवारीनुसार, केवळ आरोग्यविम्याचा धंदा करणाऱ्या खासगी कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये हप्त्यांतून मिळालेल्या उत्पन्नापैकी दोन-तृतीयांशाहून कमी रक्कम दाव्यांपोटी खर्च केली. त्याच वर्षी सरकारी विमा कंपन्यांचा हा खर्च हप्त्यांच्या उत्पन्नाहूनही अधिक होता. सरकारी कंपनी तोट्यात, म्हणून ती अकार्यक्षम, असा निष्कर्ष काढणारे अर्थपंडित पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाचा पैसा गिऱ्हाइकाच्या दुखण्यावर अधिक खर्च करणे ही जर अकार्यक्षमता असेल, तर कार्यक्षमता म्हणजे काय, हे त्यांनी एकदा सांगून टाकावे.

सरकारनेही या व्यवहारात आपला हात धुऊन घेतला. १ जुलै २०१७ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसविण्यात आला. खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहून तो काढून टाकण्याची मागणी केली. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो माफ झाला. तोवर आठ वर्षांहून अधिक काळ, स्वतःच्या दुखण्याची सोय स्वतः करणाऱ्या माणसाकडून शंभर रुपयांच्या हप्त्यामागे १८ रुपये दंड घ्यावा तसा घेतला जात होता. प्राप्तिकरात हप्त्याची वजावट मिळते, असे यावर सांगितले जाते. ती मिळते प्राप्तिकर भरणाऱ्याला, आणि तीही जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्या टपरीवाल्याला तिचा काय उपयोग? जो वरच्या पायरीवर आहे त्याला सरकार हात देते, आणि खालच्याला पायऱ्या मोजावयास सांगते.

पाच लाखांचे कार्ड

यावर सत्ताधारी पक्षांचे उत्तर तयार आहे: विमा विकत घेण्याची गरजच काय? सरकारने तो फुकट दिला आहे. या उत्तरात तथ्यांश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. हिंगोलीसह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण लागू झाले. या योजनेमुळे हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, कर्करोगाचे उपचार झाले, जीव वाचले. हे मान्य करूनच तिची मर्यादा सांगितली पाहिजे.

ही योजना ठरावीक उपचारांसाठी रुग्ण इस्पितळात दाखल झाल्यावर सुरू होते. गरिबाचे घर मात्र त्याआधीच बुडालेले असते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाचे औषध, दम्याचा फवारा, तपासण्या, डॉक्टरची फी आणि तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे यांपैकी काहीही या कार्डात बसत नाही. ती गोळी परवडली नाही म्हणून बंद केली, पुढे पक्षाघात झाला, मग कार्ड कामास येते! चाळीस रुपयांच्या औषधाला पैसे नाहीत आणि पाच लाखांच्या उपचारांची हमी आहे, असा हा उफराटा हिशेब आहे. त्यात पडून राहण्याच्या काळातील बुडालेल्या कमाईचा तर विचारही नाही. शिंपी महिनाभर अंथरुणावर असला तर त्याचे यंत्र महिनाभर बंद असते. उपचार फुकट झाले तरी चूल कोणी पेटवावयाची?

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. कार्ड म्हणजे इस्पितळ नव्हे. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळावयास २०२४ साल उजाडले. तोवर मोठे दुखणे आले की येथील माणूस नांदेडची वाट धरीत असे. त्या नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती. औषधांच्या व मनुष्यबळाच्या तुटवड्याचे आरोप झाले. औषधटंचाईचा आरोप प्रशासनाने नाकारला. वाद काहीही असो, आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णांचा लोंढा एकाच रुग्णालयावर येऊन आदळत होता, एवढे तर सर्वांनाच मान्य होते. गोरेगावचे निवेदन त्यानंतर दोन महिन्यांच्या आतले आहे. ज्या शासनाला आपली रुग्णालये भरण्याऐवजी खासगी इस्पितळांची देयके भरणे सोपे वाटते, ते आरोग्यसेवा देत नसते. आरोग्यसेवेची खरेदी करीत असते, आणि विकणारा ठरवील त्या भावाने करीत असते.

विमा कंपनी मध्ये घालण्याचा अनुभव खुद्द शासनानेही घेतला आहे. शेतकऱ्यांची अपघात विमा योजना वर्षानुवर्षे कंपन्यांमार्फत चालविली गेली. दावे रखडतात, क्षुल्लक कारणांनी नाकारले जातात, या तक्रारींपायी अखेर २०२३ मध्ये कंपनीला बाजूस सारून थेट सानुग्रह अनुदान देण्याचे शासनाने ठरविले. अपघाती मृत्यूच्या बाबतीत जे शहाणपण सुचले, ते जिवंत माणसाच्या आजारपणाबाबत का सुचू नये?

पैसा कोठून आणावयाचा?

हा प्रश्न कर्जमाफीच्या वेळी विचारतात, शाळेच्या वेळी विचारतात. मोठ्या उद्योगांची कर्जे निर्लेखित करताना मात्र कोणी विचारीत नाही. तरीही त्याला उत्तर दिले पाहिजे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हाच पैशाअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व सांगितले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये, महासाथीच्या वर्षातसुद्धा, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. म्हणजे पैसा खर्च होतच आहे. तो फक्त आजारी माणसाकडून, आजारपणाच्या क्षणी, त्याची मान सापडलेली असताना वसूल केला जात आहे.

थायलंडने याच पेचातून वाट काढली. तेथेही सरकारी नोकरांना आणि कारखान्यातील कामगारांना संरक्षण होते. शेतकरी आणि किरकोळ धंदेवाले उघड्यावर होते. त्यांच्यासाठी ऐच्छिक आरोग्यकार्ड विकून पाहिले. निरोगी माणसे दूर राहिली, आजारी तेवढी आली, आणि योजना लंगडी पडली. मग २००२ साली करांच्या पैशातून सर्वांना, प्रत्येक खेपेस ३० बाथ एवढ्या नाममात्र शुल्कात, इस्पितळात दाखल न होणाऱ्यांनाही उपचार देण्याचे ठरले. थायलंड तेव्हा श्रीमंत देश नव्हता. घरचे उदाहरण हवे असेल तर सेवाग्राम आहे. कस्तुरबा रुग्णालयाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या खेड्यांत आरोग्याची वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली. सुगीला खळ्यावर ज्वारी असते, तेव्हा ज्वारी द्यावी. हंगाम पाहून हप्ता घ्यावा, हे कंपन्यांच्या विमातज्ज्ञांना न सुचलेले तत्त्व तेथे अमलात आले.

समाजवाद्यांचेही उणे

येथे डाव्या आणि समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. कामगार विम्यासाठी, मालकाच्या हिश्श्यासाठी, सरकारी नोकरांच्या वैद्यकीय देयकांसाठी संप झाले, मोर्चे निघाले. ज्याला मालक दिसतो त्याच्याविरुद्ध लढणे सोपे असते. ज्याचा मालक शंभर गिऱ्हाइकांत, दहा व्यापाऱ्यांत आणि एका बाजारभावात विखुरलेला आहे, त्याच्यासाठी कोणाच्या दारावर धरणे धरावे हे न उमगल्याने तो कष्टकरी संघटनेच्या बाहेरच राहिला. मालक नाही म्हणून सरकारने त्याला वगळले, आणि मालक नाही म्हणून चळवळीनेही वगळले.

वास्तविक वाट याच महाराष्ट्राने दाखविली होती. हमालालाही एक मालक नव्हता. आज या दुकानाची पोती, उद्या त्या गोदामाची. पुण्यात बाबा आढाव यांनी, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी त्याला संघटित केले, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मंडळे स्थापिली. जो माल उचलून घेईल त्याने मजुरीवर लेव्ही भरावी आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय साहाय्य मिळावे, अशी व्यवस्था झाली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर लागला. एक मालक नसला तरी श्रमाचा लाभ घेणारे असतात, आणि त्यांच्याकडून हिस्सा वसूल करता येतो, हे सिद्ध झालेले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी राज्य विमा महामंडळाच्या योजना आखण्याची तरतूद आहे, आणि असंघटितांत स्वयंरोजगार करणारेही येतात. अर्थात तेथे सरकार योजना आखू ‘शकते’ असे म्हटले आहे. या ‘शकते’चे ‘आखलीच पाहिजे’ करणे, हे चळवळीचे काम आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत दीर्घकालीन रोगांची औषधे व तपासण्या विनामूल्य आणि बारमाही मिळाव्यात, तेथे नसतील तर फुले योजनेतून मिळाव्यात. दुसरी: स्वयंरोजगारींना राज्य विमा योजनेत प्रवेश मिळावा, त्यांचा हिस्सा पाऊण टक्काच असावा आणि तो हंगामानुसार भरता यावा. तिसरी: मालकाचा सव्वातीन टक्के हिस्सा मुख्यतः सरकारने भरावा, आणि त्याला जोड म्हणून सोयाबीन, हळद, कापूस खरेदी करणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांवर व प्रक्रिया उद्योगांवर उपकर बसवावा. व्यापारी तो भाव पाडून शेतकऱ्याच्याच माथी मारतील, हा आक्षेप खोटा नाही; म्हणूनच मुख्य भार तिजोरीवर हवा आणि हमीभावाला कायद्याचे बळ हवे. चौथी: आजारपणातील बुडालेल्या कमाईचा भत्ता शिंप्याला आणि शेतमजुरालाही मिळावा.

शेतकऱ्याने आत्महत्या केली तर शासनाच्या नियमानुसार कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यासाठी नापिकी, मान्य संस्थेचे कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत आजारपण हे कारण नोंदले गेले की प्रकरण अपात्र ठरू शकते. म्हणजे जिवंतपणी ज्या दुखण्याची हमी कोणी घेतली नाही, तेच दुखणे मेल्यावर मदत नाकारण्याचे कारण होते. गोरेगावच्या दहाजणांनी शरीराचे भाव लिहून दिले, ते वाचून अनेकांना वाईट वाटले. वाईट वाटण्याने काही व्हावयाचे नाही. महिन्याला ३३२ रुपये कोण भरणार, याचे उत्तर विधिमंडळात मागितले गेले पाहिजे, आणि ते मिळेपर्यंत प्रत्येक बाजार समितीच्या दारात, प्रत्येक तहसिलीसमोर पुन्हा पुन्हा मागितले गेले पाहिजे.